चोविसावं पातं

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत बेचाळीस घरं आहेत. त्यांतल्या एकाच घराच्या मागच्या अंगणातून जवळजवळ तीन वर्षं रोज दुपारी चार ते सहा दगडावर दगड आपटल्याचा आवाज येत असे. पहिल्या आठवड्यात लोकांना वाटलं, फरशीचं काम निघालं असेल. दुसऱ्या आठवड्यात दोघंतिघं बघून आले. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही, कारण ते घर विमलअक्कांचं होतं आणि अक्कांना काही विचारायला गेलं की उत्तराबरोबर आपला रक्तदाब, वजन आणि जेवणाच्या वेळा यांवरही ऐकून घ्यावं लागे.

माझी आणि त्यांची मागची भिंत एकच. उंची साडेचार फूट. मी पाटबंधारे खात्यात आहे, मोजमापं घेऊन ती लिहून ठेवणं हे माझं काम, आणि ही सवय घरीही सुटत नाही, असं माझी बायको सुनंदा म्हणते. त्यामुळे पुढे जे आकडे येतील ते अंदाजाने लिहिलेले नाहीत.

अक्का मूळच्या रावेरकडच्या. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी नर्स म्हणून काढली, त्यातली बहुतेक सगळी साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या गावांत. निवृत्तीनंतर पिंप्राळ्यात घर घेतलं. यजमान आधीच वारले होते, एक मुलगी धुळ्याला दिलेली. बांधा लहान, आवाज मोठा. पांढऱ्या साड्या निवृत्तीच्या दिवशी वाटून टाकल्या म्हणत, आणि खरंच त्यांच्या अंगावर मी कधी पांढरं पाहिलं नाही. दारात आलेल्या प्रत्येकाला, मग तो गॅसवाला असो की नगरसेवक, पहिला प्रश्न एकच असे: हात धुतले का?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अक्का प्रश्न विचारत, पण उत्तरासाठी थांबत नसत. ‘भाऊ, जेवण झालं? झालंच असेल, नऊ वाजले. वांगं होतं ना? फोडणीचा वास आला मला. रात्री वांगं खाऊ नका, आईला तर देऊच नका.’ एवढं होईपर्यंत मी नुसता हसत उभा. जेवण झालेलं नसे, आणि वांगं शेजारच्या घरातलं असे. पण एक होतं, डॉक्टर जे दुसऱ्या तपासणीनंतर सांगत ते अक्का आमच्या आईच्या पायांवरची सूज पाहून आठ दिवस आधी सांगत. म्हणून त्यांना मध्येच थांबवावं असं कुणाला वाटत नसे.

वजन त्या हातानेच सांगत. हजारांवर तान्ही बाळं तळहातावर घेतलेली. काटा नसलेल्या पाड्यांवर हातच काटा. एकदा रविवारी गाडीवाल्याने कलिंगड तीन किलो दोनशे सांगितलं. अक्कांनी ते दोन्ही हातांत, तान्ह्या बाळाला मानेखाली हात घालून धरावं तसं धरलं आणि म्हणाल्या, दोन नऊशे. मी घरातला काटा आणला. दोन किलो आठशे ऐंशी भरलं. गाडीवाला म्हणाला, ‘अक्का, पुढच्या रविवारपासून तुम्हीच माझ्या गाडीवर बसा.’

तर दगडाचं प्रकरण. पहिल्या महिन्यात एका संध्याकाळी मी भिंतीवरून डोकावलो. अक्का पाटावर बसलेल्या, मांडीवर गोणपाटाच्या चार घड्या, डोळ्यांवर मोठा चष्मा, नाकातोंडाला ओला पंचा. दगडाची धूळ छातीत बसली की उतरत नाही, म्हणून शेजारी पाण्याचा तांब्या आणि मधूनमधून शिंपडणं. खाली जुनी चादर अंथरलेली. कामाआधी चादर, कामानंतर सगळ्या कपच्या गोळा करून खड्ड्यात. अनवाणी कुणी येईल, हा विचार आधी. मी विचारलं, हे काय चाललंय? त्या म्हणाल्या, चाकू करतेय. बाजारात काय चाकू मिळत नाहीत, असं मी म्हणणार होतो, पण त्यांनीच ते म्हणून घेतलं आणि पुढचा अर्धा तास भिंतीपलीकडून जे सांगितलं ते असं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्याकडे गावोगावच्या दायांना शिकवायचं काम होतं. दाईला सरकारकडून पत्र्याचा एक डबा मिळे, त्यात ब्लेड, धागा, साबण. दर महिन्याला सगळ्या दाया डबे घेऊन उपकेंद्रावर येत आणि अक्का ते उघडून तपासत. एका बैठकीत बनामाय नावाच्या दाईच्या डब्यात, ब्लेड आणि साबणाच्या खाली, फडक्यात गुंडाळलेला एक दगडी चाकू निघाला. दुधासारखं पातं, मधून एक तांबडी शीर, लाकडी मूठ, वर काळ्या राळेचा लेप आणि धाग्याचे वेढे. अक्का तेव्हा सत्तावीस वर्षांच्या. त्यांनी तो चाकू चाळीस बायांसमोर उंच धरला. दगडाने नाळ कापली की बाळ कसं मरतं, हे पाऊण तास सांगितलं आणि शेवटी बाहेर जाऊन तो नाल्यात फेकला. पावसाळा होता, नाल्याला पाणी होतं. बनामाय काही बोलली नाही. डबा बंद करून पदर डोक्यावर घेऊन निघून गेली.

‘नियम म्हणून बरोबरच होतं,’ अक्का म्हणाल्या. ‘पण भाऊ, त्या बाईच्या हाताखाली एक बाळ दगावलं नव्हतं. एक नाही. पुढे अकरा वर्षं मी त्याच भागात होते. अडलेल्या बायांकडे आम्ही दोघी रात्ररात्र बसलो. तिने तो विषय काढला नाही. आणि मला काढवला नाही.’

निवृत्तीनंतर तो विषय मनातून जवळजवळ गेला होता. मग त्या गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईचा सहज फोन आला आणि बोलता बोलता कळलं, बनामाय अजून आहे. नव्वदीच्या आसपास, ऐकायला कमी येतं, पण हिंडतेफिरते. त्या दिवशी अक्कांनी ठरवलं की तसाच चाकू आपल्या हाताने करायचा आणि तो बनामायच्या हातात द्यायचा. ती असेपर्यंत.

विकत का घेत नाही, किंवा कुणाकडून करून का घेत नाही, असं मी सुचवलं. ‘फेकला कुणी?’ त्यांनी विचारलं, आणि या वेळी उत्तरासाठी थांबल्या.

मी म्हटलं, मग माप हवं. त्यांनी तर्जनीच्या टोकापासून मनगटापर्यंत बोट फिरवलं. मी फूटपट्टी लावली. सतरा सेंटिमीटर. वजन? त्यांनी डोळे मिटले, तळहात पुढे केला. मी त्यावर एकेक गोटा ठेवत गेलो आणि त्या ‘हलकं’, ‘जड’, ‘अजून जरा’ म्हणत गेल्या. शेवटी ‘हेच’ म्हणाल्या तो गोटा मी काट्यावर ठेवला, एकशे चाळीस ग्रॅम. चाळीस वर्षांपूर्वी पाऊण तास हातात धरलेल्या वस्तूचं वजन. माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला.

शिकवणारं कुणी नव्हतं. मोबाईलवर कुणी परदेशी माणूस जंगलात बसून असली पाती करतो, ते त्यांना सापडलं. त्याची भाषा कळत नसे. अक्का आवाज बंद करून नुसते त्याचे हात बघत. त्याचे हात त्यांना समजत होते, आणि बोलण्यात तो उगाच वेळ घालवतो असं त्यांचं मत होतं.

दगडासाठी आम्ही माझ्या स्कूटरवरून गिरणेच्या पात्रात जात असू. आपल्याकडे काळा दगड पाहिजे तेवढा, पण त्याला अशी धार येत नाही. त्यात अधूनमधून गारेचा दगड मिळतो, पांढरा, तांबूस, मेणासारखा. तोच लागतो, आणि तोही आतून अखंड. आता बाहेरून धड दिसणाऱ्या दगडाच्या आत तडा आहे की नाही, हे कसं ओळखायचं? अक्कांनी पिशवीतून ॲल्युमिनियमची नळी काढली. गरोदर बाईच्या पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायची, एका बाजूला कर्ण्यासारखी पसरट. ती त्यांनी दगडावर टेकवली, दुसऱ्या टोकाला कान लावला, आणि बोटाच्या पेराने दगडावर टिचकी मारली. नदीत गुरं घेऊन आलेला एक म्हातारा हे सगळं बघत उभा होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, ‘काय शे अक्का, पोरगा का पोर?’

‘मुका आहे,’ अक्का मान वर न करता म्हणाल्या आणि तो दगड फेकून दुसऱ्याला नळी लावली.

त्या दिवशी त्रेसष्ट दगड तपासले, सात घेतले. घरी आल्यावर कळलं की त्यांतले सहा खरंच अखंड होते. सातव्याबद्दल अक्कांचं म्हणणं, स्कूटर गतिरोधकावर आपटली तेव्हा तो गेला. गतिरोधक मला आठवतो, म्हणून मी वाद घातला नाही.

दगड आधी भाजून घेतला की त्याच्या ढलप्या सरळ निघतात. मडक्यात वाळू, वाळूत दगड, भोवती गोवऱ्यांची आच. आच एक दिवस आणि निवणं तीन दिवस. या तीन दिवसांत मडक्याला कुणी हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही. वारा लागला की दगड तडकतो. अक्का मडक्यावर जुनी गोधडी घालत आणि सुनंदाला सांगत, बाळंतीण आहे, हळू बोला. सुनंदाही खरंच हळू बोलायची.

मग फोडणं. नदीतला मुठीएवढा गोटा उजव्या हातात, दगड डाव्या मांडीवर, आणि काठाच्या जरा आत, तिरपा घाव. ढलपी खालच्या बाजूने निघते, वरून दिसत नाही. काय निघालं ते उलटं करून पाहायचं. जाडी उतरली की बोकडाच्या शिंगाचं टोक काठावर दाबून बारीक कपच्या काढायच्या. अक्का कांदालसूणही चातुर्मासात न खाणाऱ्या. ते शिंग त्यांनी मटण बाजारातून स्वतः आणलं, तेही मेथीच्या जुडीखाली झाकून. रस्त्यात भेटलेल्या शेजारणीने ती मेथी हातात घेऊन पाहिली आणि खालून शिंग निघालं, तेव्हा अक्का म्हणाल्या, ‘हे औषधाचं आहे.’ त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकच खोटं.

पाती मोडत. तयार होत आलेलं पातं मधोमध टच्‌ होऊन दोन तुकडे. पहिल्या वर्षी नऊ मोडली. मोडलं की अक्का अर्धा मिनिट गप्प बसत, ही त्यांच्या बाबतीत मोठीच मुदत. मग दोन्ही तुकडे जोडून पाहत, कुठे चुकलं ते स्वतःला मोठ्याने समजावून सांगत, हात धुऊन चहा ठेवत.

सतरावं पातं माझ्यामुळे मोडलं. ते फार सुंदर उतरलं होतं, साडेसतरा सेंटिमीटर, दोन्ही काठ सारखे. मी भिंतीपाशी उभा राहून शिंगाच्या दाबांची मोजणी करत होतो. किती दाबांत पातं होतं, याचा हिशेब लागला तर पुढे उपयोग होईल, असा माझा विचार. तीनशे पूर्ण झाले आणि माझ्या तोंडून मोठ्याने ‘तीनशे’ निघालं. अक्कांचा हात हलला. टच्‌.

मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. अक्कांनी पंचा खाली केला, तुकडे उचलले, जोडून पाहिले.

‘भाऊ,’ त्या म्हणाल्या, ‘उद्यापासून मनात मोजा.’

एवढंच. संध्याकाळी त्यांनी आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी पाठवली, माझ्या मनाला लागलं असेल म्हणून. त्या दिवशी उपवासही नव्हता.

मुठीचं काम त्या मानाने सोपं होतं, पण सबंध कॉलनीला ते माहीत झालं. धावड्याची फांदी सोलून, टोकाला खाच पाडून त्यात पातं बसवायचं. ते धरून ठेवायला सालईचा गोंद, मधमाशांचं मेण आणि कोळशाची पूड एकत्र तापवून केलेली राळ. सालईचा गोंद दाणाबाजारातल्या जडीबुटीच्या दुकानातून मीच आणून दिला. तो तापला की वास थेट धुपाचा. पहिल्या वेळी समोरच्या दोघी ओले केस बांधून, हातात फुलं घेऊन आल्या. त्यांना वाटलं, अक्कांकडे काही पूजा आहे आणि आपल्याला बोलावायचं राहिलं. अक्कांनी त्यांना चुलीवरचा काळा लगदा दाखवला. रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून गूळ-शेंगदाणे दिले. दुसऱ्या वेळी सहा जणी आल्या. तिसऱ्या वेळेपासून अक्का गोंद तापवायच्या आधी शेंगदाणे भाजून ठेवू लागल्या.

धाग्यासाठी आम्ही रावेरला गेलो. माझ्या साडूंची केळीची बाग आहे आणि त्या दिवशी कापणी चालू होती. केळीच्या खोडाचे सोपट, म्हणजे एकावर एक असलेले पदर, उलगडून, गर खरवडून काढला की आत चिवट पांढरा धागा मिळतो. अक्का कापून पडलेल्या खोडापाशी बसल्या आणि मोडक्या पात्याचा तुकडा काढून सोपट खरवडू लागल्या. कापणीच्या टोळीचा मुकादम घड खांद्यावर घेऊन जाता जाता थांबला. म्हणाला, ‘अक्का, हे गोटं मीठ वाटाले चांगलं.’ टोळी हसली. अक्काही हसल्या, उठल्या आणि उभ्या केळीजवळ गेल्या. पदर खोचला. मुकादमाला म्हणाल्या, घड धर. त्याने खांद्यावरचा घड खाली ठेवून खांदा दिला. अक्कांनी घडाच्या दांड्याला दगड लावला आणि ओढायला सुरुवात केली. मी मनात मोजत होतो. अकराव्या ओढीला दांडा तुटला आणि घड त्याच्या खांद्यावर बसला.

‘अकरा लागले, अक्का,’ मुकादम म्हणाला. त्यानेही मोजले होते. ‘मी एकात पाडतो.’

‘पहिलटकरणीला वेळ लागतोच,’ अक्का म्हणाल्या.

यावर टोळीतल्या बाया एवढ्या हसल्या की एकीला खाली बसावं लागलं. मुकादमाने दोन चांगली खोडं स्वतः उचलून आमच्या गाडीत ठेवली आणि अक्कांनी त्याला त्याच्या खांद्यावरची गाठ डॉक्टरला दाखवायला सांगितलं. त्याने ती दाखवली, असं साडूंनी पुढे कळवलं. साधी चरबीची होती.

तिसऱ्या वर्षी, होळीच्या सुमारास, आशाताईचा फोन आला. बनामाय ओसरीवरून पडली होती. हाड मोडलं नव्हतं, पण आठ दिवस अंथरुणातून उठली नव्हती आणि जेवण कमी झालं होतं. तोपर्यंत एकोणीस पाती मोडली होती, विसावं हातात होतं. त्या आठवड्यात आवाज चार ते सहा राहिला नाही. सकाळी नऊला सुरू होई आणि दिवे लागेपर्यंत चाले. विसावं सोमवारी मोडलं, एकविसावं बुधवारी, बाविसावं शनिवारी. शनिवारी मी भिंतीपाशी गेलो तेव्हा अक्का गोणपाटावर हात ठेवून नुसत्या बसल्या होत्या. डाव्या अंगठ्याला पट्टी.

त्या म्हणाल्या, ‘घाई केली की बाईपण फाटते आणि दगडपण. चौतीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले.’

मी विचारलं, असंच रिकाम्या हाताने भेटून आलो तर? सोमवारी निघू, मी रजा टाकतो. त्यांनी अंगठ्याची पट्टी घट्ट केली. मग म्हणाल्या, रिकाम्या हाताने जाऊन मी काय बोलू? तिच्यासमोर माझं तोंड चाललं होतं तेव्हा हातात तिचा चाकू होता. आता तोंड चालवायला माझ्या हातात तो पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काहीच केलं नाही. केस धुतले, मुलीशी फोनवर बोलल्या, दुपारी झोपल्या. चार वाजता चादर अंथरली आणि सहा वाजता उचलली. आणि पुढे रोज तसंच. तेविसावं गेलं, पण ते दगडातल्या तड्यामुळे, हातामुळे नाही. मधल्या काळात आशाताईने कळवलं, बनामाय उठून बसते, भाकर मागते, सुनेला बोलते. अक्कांच्या मते यांतलं तिसरं लक्षण सगळ्यांत चांगलं.

चोविसावं पातं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुरं झालं. लांबी सोळा सेंटिमीटर आठ मिलिमीटर. मूठ, राळ आणि धाग्यासह वजन एकशे त्रेचाळीस ग्रॅम. तांबडी शीर मधोमध नव्हती, टोकाकडे एक गंजासारखा डाग होता. धार पाहायला मी वर्तमानपत्राचा कागद उभा धरला, पात्यावर सोडताच त्याचे आपल्याच वजनाने दोन तुकडे झाले. सुनंदाने पेढे आणले. अक्का हात धुऊन आल्या, चाकू फडक्यात गुंडाळला आणि म्हणाल्या, ‘रंग जुळला नाही. बाकी तेच आहे.’

आम्ही पहाटे साडेपाचच्या बसने निघालो. जळगाव ते धुळे अक्कांनी मला आपण काय बोलणार ते ऐकवलं. सात मिनिटांचं होतं. सुरुवात ‘बनामाय, मी तुझी गुन्हेगार आहे’ अशी. मी म्हटलं, गुन्हेगार जरा जास्त होतं. धुळे ते साक्री तिथे ‘चूक’ घातलं. साक्रीहून पुढे काळीपिवळी जीपमध्ये त्यांनी ते तिसऱ्यांदा म्हटलं, आता पाच मिनिटांवर आणलेलं. शेजारी कोंबडी घेऊन बसलेल्या बाईने सगळं मन लावून ऐकलं आणि उतरताना अक्कांच्या पाठीवरून हात फिरवला.

बनामायचं घर गावाच्या टोकाला, पुढे आंब्याचं झाड. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. झाडाखाली खाटेवर ती बसलेली, इतकी लहान की खाट मोठी वाटत होती. समोर कैऱ्यांचा ढीग. सून विळीवर कैऱ्या कापत होती आणि बनामाय तिला काहीतरी बोलत होती.

‘कोन शे वं?’ तिने डोळ्यांवर हात धरून विचारलं.

अक्कांनी जवळ जाऊन, कानाशी वाकून नाव सांगितलं. बनामाय बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी अक्कांचा चेहरा धरला.

‘नर्सबाई. अवं माय. तू बी बुढी हुई गई.’

अक्का तिच्या पायांशी जमिनीवरच बसल्या. पिशवीतून फडकं काढलं, उलगडलं आणि चाकू तिच्या मांडीवर ठेवला. पाच मिनिटांचं जे पाठ होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना, हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं. शेवटी एवढंच निघालं, ‘तुझा नाळ कापायचा चाकू मी फेकला होता. सगळ्यांसमोर. तो परत आणलाय.’

हे त्यांना तीनदा, दर वेळी मोठ्याने म्हणावं लागलं. तिसऱ्या वेळी शेजारच्या घरातूनही दोघी बाहेर आल्या. बनामायने चाकू उचलून उलटसुलट केला. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसायला लागली. दात नव्हतेच, खांदे हलत होते.

‘नाळ? नाळ तं मी तुनी ब्लेडघाईच कापी. तो चाकू कैऱ्या सोलाना व्हता. लोखंड लागं का कैरी काळी पडस.’

म्हणजे नाळ ती अक्कांनी दिलेल्या ब्लेडनेच कापत होती, आणि तो चाकू कैऱ्या सोलायचा होता. सरकारचा डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, उंदीर शिरत नाहीत, म्हणून घरातली चांगली वस्तू तिने त्यात ठेवली होती.

अक्का काही वेळ तशाच बसून राहिल्या. मी घड्याळ पाहिलं नाही, पण अर्ध्या मिनिटापेक्षा नक्कीच जास्त.

‘मग तेव्हा बोलली का नाहीस?’ त्यांनी विचारलं.

‘तू बोली राह्यनी व्हती ना,’ बनामाय म्हणाली. ‘मी कव्हय बोलू?’

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. खरंच सवड मिळाली नव्हती, एवढंच तिने सांगितलं. तिने ढिगातली एक कैरी घेतली, चाकू लावला. देठापासून निघालेली साल एकसंध, गोल फिरत तिच्या पायापर्यंत लोंबली. ती तिने अक्कांना दाखवली. मग मूठ दोनदा तळहातात फिरवली आणि सांगितलं की मूठ जरा जाड झाली आहे, आणि एक चाकू सुनेलाही लागेल.

सुनेने विळी बाजूला सारली आणि आम्हाला पाणी आणलं. त्यानंतर बनामायचं जे बोलणं सुरू झालं ते माझी परतीची जीप येईपर्यंत थांबलं नाही. कुठली कैरी मुरते, कुठली सडते. पहिला चाकू तिच्या सासऱ्याने कुठल्या नाल्यातला दगड आणून केला होता. कोणत्या रात्री कुणाच्या घरी त्या दोघी बसल्या होत्या आणि अक्कांना तिथे कशी डुलकी लागली होती. हे शेवटचं अक्कांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते नाकारलंही नाही.

ठरल्याप्रमाणे आम्ही दोघं संध्याकाळी धुळ्याला मुलीकडे पोहोचणार होतो. साडेतीनला अक्का म्हणाल्या, तुम्ही पुढे व्हा, मी कैऱ्या संपवून येते. ढीग मी डोळ्यांनी मोजला, तीनशेच्या वर होता. त्या नऊ दिवस राहिल्या. तिथून मुलगी येऊन त्यांना धुळ्याला घेऊन गेली आणि मग तिने परत पाठवलंच नाही. पिंप्राळ्याचं घर सध्या भाड्याने दिलंय. फोन येतो, दर रविवारी, आणि आईच्या पायांची सूज मी सांगायच्या आत त्या सांगतात.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी, जीप गावाबाहेरच्या वळणावर हळू झाली तेव्हा. आंब्याखाली बनामाय हातवारे करत बोलत होती. विमलअक्का खाटेशी मांडी घालून बसल्या होत्या, मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत, दोन्ही हात कैरीच्या चिकाने माखलेले, आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं.